माळ्यावरचा पॅकमॅन

नौपाड्याच्या घरी माळ्यावर कोलेको या अमेरिकन कंपनीचा टेबलटॉप पॅकमॅन, म्हणजे टेबलावर ठेवून खेळायचा छोटा व्हिडिओ गेम, सापडला म्हणतोस, नशीबवान आहेस! पण लगेच चालू करू नकोस. अमेरिकेतून आलेला अडॅप्टर ११० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावलास तर धूरच. त्यापेक्षा चार सी-सेल (मध्यम आकाराचे जाड सेल) घाल. आधी सेलचा कप्पा बघ. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात पत्र्या गंजतात. जुने सेल गळून पांढरी भुकटी साचली असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पूस, नीट वाळव.

पडदा एलसीडी नाही, काचेची निर्वात नळी आहे. चित्रं ठरल्या जागीच उजळतात, म्हणून पॅकमॅन टुणटुण उड्या मारतो. तो बिघाड नव्हे. १९८० च्या मूळ आर्केडइतका (नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनइतका) सफाईदार नाहीच, पण अंधारात तो उजेड... बघच एकदा.