नेमबाजी – तुमचे प्रश्न : आधी ग्रिप घासा, मग बाकीचं

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही विट्याचे. मुलगी अकरावीला आहे, सांगलीत मावशीकडं राहून रेंजवर जाते, दहा मीटर एअर पिस्तूल करते. इतके दिवस क्लबचं पिस्तूल वापरत होती, आता आम्ही तिला एक वापरलेलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेचं, घेऊन दिलंय (हवेच्या सिलिंडरवालं), पण स्कोअर वाढायचा सोडून उलटा कमी झालाय, बरेचसे पेलेट (छर्रे) डावीकडं खाली जातात. मुलगी उजव्या हातानं मारते. ओळखीतले एकजण म्हणतात ट्रिगर एकदम हलका करून घ्या, दुसरे म्हणतात वेग वाढवून घ्या. नेमकं काय बदलावं आणि कुठं करून मिळेल?

उत्तर : दादा, दोघांचंही ऐकू नका. वेगाचं तर डोक्यातनं काढूनच टाका. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायचंय, रानडुक्कर मारायचं नाही. चांगलं मॅच पिस्तूल पेलेट साधारण सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास सोडतं आणि तेवढं भरपूर झालं, वेग वाढवला की धक्का वाढतो, बाकी हाताला काही लागत नाही.

आता डावीकडं खाली. उजव्या हातानं मारणाऱ्याचे शॉट तिकडं गेले तर बहुतेक वेळा बोट ट्रिगर सरळ मागं न ओढता बाजूला ढकलतंय नाहीतर शेवटच्या क्षणाला सगळी मूठच आवळली जातेय. आणि नव्या पिस्तुलावरच हे सुरू झालंय म्हणजे माझा संशय ग्रिपवर, मुठीत धरायच्या लाकडी भागावर. ते ग्रिप आधीच्या मालकाच्या हाताला घासलेलं असणार, दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पळायला लावल्यासारखं झालंय पोरीचं. तेव्हा साइटचे (नेम धरायच्या खुणेचे) क्लिक फिरवून ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, मध्यात आणायची घाई करू नका, दुखणं तसंच राहतं.

घरी एक करून बघा. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून (हे दरवेळी, न चुकता) तिला भिंतीकडं तोंड करून उभं करा, डोळे मिटून हात वर घ्यायला सांगा, हात थांबला की डोळे उघडायचे. पुढची साइट मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर ग्रिप ठीक. दरवेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर मनगट वाकवून ती जुळवून घेतेय, आणि सामन्यात ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात, एवढा वेळ मनगट वाकवलेलं कुणाचंच टिकत नाही. अशा वेळी आधी ग्रिपचा स्क्रू सैल करून कोन बदलून बघायचा, बऱ्याच मॅच पिस्तुलांना ती सोय असते. त्यानं भागलं नाही तरच लाकडाला हात लावायचा.

घासायचं कुठं? ट्रिगरचं बोट जिथनं पुढं जातं तिथं पहिल्यांदा. ते बोट लाकडाला अजिबात टेकता कामा नये, टेकलं की ओढताना अख्खं पिस्तूल ढकललं जातं, तुमच्या डावीकडं खालीचं निम्मं उत्तर तिथंच असू शकतं. जिथं पोकळी आहे, म्हणजे तळव्याच्या मध्यात वगैरे, तिथं भर घालायची. त्याला एम-सील चालतं, हाताला पातळ प्लास्टिक गुंडाळून ओल्या एम-सीलवर पकड घ्यायची, ठसा उमटतो, वाळलं की कानशीनं आणि पॉलिश पेपरनं हळूहळू उतरवायचं. थोडं घासा, दोन-तीन दिवस मारू द्या, मग पुन्हा थोडं. एका बैठकीत संपवायला गेलात तर लाकूड परत लावता येत नाही. सुतार चांगला असेल तर तोही करेल, आणि माझं स्पष्ट मत आहे की मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या लाकडावर हात बसलेली जी माणसं आहेत त्यांच्यासारखं नाजूक घासकाम इकडं दुसरं कुणी करणार नाही, फक्त पोरीला सोबत न्या, नुसतं ग्रिप पाठवू नका.

नियम मात्र बघा. तळहात टेकतो ती ग्रिपची खालची पट्टी वर वळवलेली चालत नाही, ग्रिपचा मनगटाला आधार चालत नाही, आणि भर घालून जाड झालेलं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. एकूण वजन दीड किलोच्या आत. आणि पिस्तुलाच्या हातात घड्याळ, ब्रेसलेट घालून लाइनवर जायचं नाही.

ट्रिगर. एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला कमीत कमी ५०० ग्रॅमचा जोर लागलाच पाहिजे, तपासताना नळी सरळ वर करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावतात आणि ट्रिगर न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. त्यामुळं "एकदम हलका" हा प्रकारच नाही. बरोबर ५०० वर पण ठेवू नका, ५१०-५२० ठेवा, नाहीतर सामन्याच्या दिवशी तपासणीच्या टेबलावर घाम फुटतो. फरक पडतो तो हे वजन ट्रिगर ओढायच्या दोन टप्प्यांत कसं विभागलंय त्यानं. पहिल्या टप्प्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्या टप्प्यात असं ठेवलं की बोटाला कळतं आपण कुठं आलोय. स्क्रू फिरवायच्या आधी त्याच्यावर पेनानं खूण करा, पाव फेरा फिरवा, वजन लावून बघा. ट्रिगर सुटतो तिथली आतली पकड ठरवणारा जो स्क्रू असतो त्याला मात्र घरी हात लावू नका, ती पकड फार कमी झाली तर धक्का लागूनही पिस्तूल सुटू शकतं.

आणि वापरलेलं घेतलंय म्हणून सांगतो, सिलिंडरवरची तारीख आजच बघा. दहा वर्षं उलटून गेली असतील तर तो भरायचाच नाही, नवीन घ्या. हवेच्या वाटेत साधं मशीनचं तेल तर कधीच नको.

प्रश्न : मी कराडचा, वय २४. माझ्याकडं दुकानातनं घेतलेलं स्प्रिंगचं साधं एअर पिस्तूल आहे. जास्त ताकदीची स्प्रिंग टाकून ते स्पर्धेला तयार करता येईल का?

उत्तर : नाही. स्प्रिंगवाल्यात पेलेट नळीत असतानाच आतला पिस्टन पुढं आदळतो आणि पिस्तूल हलतं, जड स्प्रिंगनं ते आणखी हलेल. वर २० जूलच्या पुढची ताकद किंवा ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नळी असली की एअरगनलाही लायसन्स लागतं, पिस्तूल तिथवर जाणार नाही पण तो रस्ताच धरू नये. त्याच पिस्तुलावर साइट धरायची आणि ट्रिगर ओढायची सवय करा, चपट्या तोंडाचे चांगले पेलेट दोन-तीन कंपन्यांचे आणून कुठले जवळजवळ पडतात ते बघा, आणि स्प्रिंगचे पैसे क्लबच्या फीला लावा, तिथं मॅच पिस्तूल हातात मिळतं.

प्रश्न : टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन सामन्यात बिघडलं होतं. मग इलेक्ट्रॉनिक ट्रिगर घ्यावा की मेकॅनिकल? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : बिघाड कुणाच्याही पिस्तुलाला होतो. तिचा त्या दिवशी पात्रता फेरीत वेळ गेला, फायनल दोन गुणांनी हुकली, आणि तीच मुलगी २०२४ ला पॅरिसहून एअर पिस्तुलाचं ब्राँझ घेऊन आली. नवख्यानं मेकॅनिकल घ्यावं, बॅटरीची काळजी नाही आणि दुरुस्ती सोपी. सामन्याला जाताना ॲलन कीचा सेट, हवेची जादा सील आणि शक्य असेल तर भरलेला दुसरा सिलिंडर पेटीत ठेवा.