‘डेप्रिकेट’ला घसारा लावू नका

प्रश्न असा आहे: ‘डेप्रिकेट’ म्हणजे नेमकं काय, आणि मराठीत ‘निषेध करणे’ म्हटलं तर चालेल का?

आधी एक तक्रार. ‘ती मेथड (कोडमधला ठराविक काम करणारा भाग) डेप्रिशिएट झालीय’ हे आयटीवाल्यांच्या तोंडून ऐकून कान किटले. म्हणायचं असतं ‘डेप्रिकेट’, म्हणजे चालते, पण आता वापरू नये. डेप्रिशिएटच्या पोटात लॅटिन ‘प्रेटियुम’, म्हणजे किंमत. त्याला आपण घसारा म्हणतो आणि तो सीए लोक लॅपटॉपवर लावतात.

डेप्रिकेटमध्ये आहे ‘प्रेकारी’, म्हणजे विनवणं. आधीचं ‘दे’ म्हणजे दूर. संकट टळावं म्हणून करुणा भाकणं, हा मूळ अर्थ. कोकणातल्या गाऱ्हाण्यात ‘इडापीडा टळू दे रे म्हाराजा’ म्हणतात ना, थेट तेच! जे टळावं म्हणून विनवायचं ते नापसंत असणारच. तिथून आजचा अर्थ: नापसंती दाखवणं.

आता खरी गंमत. ‘प्रेकारी’ आणि संस्कृत ‘प्रच्छ्’ एकाच मुळाचे. प्रश्न आणि पृच्छा त्याच घरातले. ‘पृच्छति’चं प्राकृतात ‘पुच्छइ’ झालं, मराठीत ‘पुसणे’. म्हणजे विचारपूसमधली ‘पूस’ डेप्रिकेटची चुलत बहीण! जर्मन ‘फ्रागेन’ही याच गोतातला. (फरशी पुसणं वेगळं, ते ‘प्रोञ्छ्’वरून. उगाच सोयरीक जुळवू नका.)

इंग्रजी शब्दवापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 सालीच डेप्रिकेट-डेप्रिशिएटची गल्लत करणाऱ्यांना झापलं होतं. तिथवर ठीक. पण त्याची री ओढत ‘सेल्फ-डेप्रिकेटिंग’लाही अशुद्ध ठरवणारे (म्हणे ‘सेल्फ-डेप्रिशिएटिंग’ हवं) पंडित आजही भेटतात. स्वतःची थट्टा करणाऱ्याला आता सगळं जग तेच म्हणतं. पंडितांनी बसावं सोवळं नेसून.

उलट माझं मत असं, की मूळ अर्थ जपला तो प्रोग्रामरांनीच, तोही नकळत. जावा या प्रोग्रामिंग भाषेत तारखांसाठी ‘डेट’ क्लास आहे, त्यातली वर्ष सांगणारी ‘गेटइयर’ ही मेथड घ्या. 2024 मधल्या तारखेचं वर्ष विचारलं तर उत्तर 124, कारण ती 1900 वजा करून देते. 1.1 आवृत्तीपासून ती डेप्रिकेटेड आहे, तरी चालते. कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) अडवत नाही, फक्त सूचना देतो: बाबा रे, नको वापरूस. विनवणीच की ही!

हां, ‘निषेध’. तो मोर्चात, काळ्या फिती लावून. डेप्रिकेटचा आवाज इतका चढा नसतो. ‘नापसंती दर्शवणे’ म्हणा, आणि कोडच्या बाबतीत सरळ ‘वापर टाळावा’ असं लिहा.