वॉर्ड पुराव्यावर आधारित नर्सिंगसाठी तयार आहे का, हे कसं मोजायचं?

नागपुरात एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध करताय आणि मेडिकल-मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयातल्या वॉर्डांची पुराव्यावर आधारित नर्सिंगसाठी, म्हणजे संशोधनातून सिद्ध झालेल्या पद्धती वापरण्यासाठी, किती तयारी आहे हे मोजायचंय, तर फक्त 'सिस्टरना किती माहिती आहे' यावर थांबू नका. १९९८ साली मांडलेली 'पॅरिस' (PARIHS) ही संशोधन प्रत्यक्ष कामात आणण्याची चौकट तीन गोष्टी बघते: पुरावा, वॉर्डातलं वातावरण आणि बदल घडवून आणणारा माणूस. त्यावरच बेतलेली 'ऑर्का' (ORCA) ही बदलासाठीची तयारी मोजणारी ७७ विधानांची प्रश्नावली २००९ मध्ये आली. मराठीत भाषांतर केलंत तर दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत उलट भाषांतर करून मूळाशी ताडून घ्या.

प्रश्नावलीत विचारायला बदल एकच निवडा, उदाहरणार्थ सलाइनच्या सुईची जागा दर शिफ्टला तपासणं. मोघम विचारलं की सगळेच 'हो' म्हणतात.

आणि नुसती सरासरी काढू नका. एखाद्या विधानाला १ ते ५ पैकी इन्चार्ज सिस्टर ५ देते, नाइटवाली १. सरासरी येते ३, आणि खरी गोष्ट त्या ३ मध्ये लपते. मी पूर्वी काम केलेल्या एका वॉर्डात प्रोटोकॉलची फाइल होती, अगदी नीट कव्हर घातलेली. पण कपाटाची चावी संध्याकाळी इन्चार्जसोबत घरी जायची! म्हणून एक रात्र वॉर्डात स्वतः बसा. सॅनिटायझर खाटेजवळ आहे का, एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत, हे डोळ्यांनी बघा.