आईला आम्हीच तिथे ठेवले, आता तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

शीर्षकातला हा प्रश्न माझा नाही. शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या आपल्या माणसाची हेळसांड होत आहे असे लक्षात आल्यावर माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक मुलगी, मुलगा किंवा सून तो कधी ना कधी विचारते. आईच्या जागी कधी वडील असतात, कधी सासूबाई, कधी आयुष्यभर एकटी राहिलेली आत्या. ही माणसे निरनिराळ्या देशांत राहतात, त्यामुळे त्यांना लागू होणारे कायदेही निराळे असतात. मात्र कायद्याचे दार उघडण्यापूर्वी त्यांचे पाऊल जिथे अडते, तो उंबरठा एकच असतो. त्याविषयी मी एका कुटुंबाच्या अनुभवाच्या आधारे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यासाठी त्यांची संमती घेतली आहे. मी समुपदेशक आहे, वकील नाही. परंतु वकिलाकडे जाण्याचे बळ माणसात कसे येते, हे मी बरेच वर्षे जवळून पाहिले आहे.

पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाई पहिल्या भेटीत पंधरा मिनिटे स्वतःविषयीच बोलत होत्या. नोकरी, स्वतःचे आजारपण, घरात दिवसभर कोणी नसणे, आईचे मोडलेले खुब्याचे हाड, भावाचे दूर राहणे अशी कारणांची मोठी यादी त्यांनी सांगितली. आईचे पुढे काय झाले, हे मला विचारावे लागले.

"पाठीला जखम झाली आहे," त्या म्हणाल्या. "माकडहाडाजवळ. ते म्हणतात की या वयात असे व्हायचेच."

"तुम्ही ती स्वतः पाहिली का?"

"चादर बदलताना दिसली. आतली पिवळसर चरबी दिसत होती." एवढे बोलून त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "मॅडम, पण आम्हीच तिला तिथे ठेवले ना?"

शय्याव्रणाच्या, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेच्या, चार पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीत दाबल्यावरही न मावळणारी लाली असते, तर त्वचेखालची चरबी दिसू लागणे ही तिसरी पायरी होय. काही अतिशय खंगलेल्या रुग्णांना उत्तम शुश्रूषा असतानाही असे व्रण होतात, हे खरे आहे. म्हणूनच जखम दिसली म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असे होत नाही. धोका वेळेवर ओळखला होता का, ठरलेल्या अंतराने कूस बदलली जात होती का, लाली दिसताच डॉक्टरांना कळवले होते का, हे पाहावे लागते, आणि त्याची उत्तरे केंद्राच्या नोंदींमध्ये असतात. "या वयात असे व्हायचेच" हे वाक्य त्या नोंदींची जागा घेऊ शकत नाही.

त्यामुळे मनाचे काम सुरू करण्यापूर्वी मी त्यांना तीन गोष्टी त्याच दिवशी करायला सांगितल्या, कारण जखम समुपदेशनासाठी थांबत नाही. केंद्राशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून आईची तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. आईच्या परवानगीने जखमेची छायाचित्रे दिनांक आणि वेळेसह काढावीत, आणि दर काही दिवसांनी पुन्हा काढावीत. शुश्रूषेच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि दाखल होतानाच्या कराराची प्रत आईच्या संमतीने लेखी अर्ज करून मागावी. जिवाला तत्काळ धोका वाटला असता तर मी या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून आधी रुग्णालय आणि पोलीस यांच्याकडे जायला सांगितले असते.

दोन आठवड्यांनी त्या आल्या, तेव्हा त्यांच्याकडे छायाचित्रे होती, डॉक्टरांचा अहवाल होता आणि त्यांनी स्वतः लिहिलेला तक्रारअर्जही होता. अर्ज साडेतीन पानांचा होता. आईच्या जखमेचा पहिला उल्लेख तिसऱ्या पानावर होता. त्याआधीची सगळी पाने, आईला केंद्रात का न्यावे लागले याच्या खुलाशाने भरलेली होती.

मी त्यांना विचारले, "हा अर्ज वाचणाऱ्याला आरोपी कोण वाटेल?"

त्यांनी पाने पुन्हा चाळली. बराच वेळ गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी."

माझा कल कुटुंबाकडे एक सलग विणकाम म्हणून पाहण्याचा आहे. एका टाक्यावर ताण आला की तो शेजारच्या टाक्यांवर पसरतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत जास्त माया करणाऱ्यावर येऊन थांबतो. या घरात तो मुलीवर थांबला होता. त्याचबरोबर माणूस वारंवार कोणता शब्द वापरतो, याकडेही माझे लक्ष असते. त्या भेटीत त्यांनी "ठेवले" हे क्रियापद किती वेळा वापरले, ते मी माझ्या वहीत खुणा करून मोजले होते. त्या खुणा अकरा होत्या. आपण भांडे फळीवर ठेवतो, कागद कपाटात ठेवतो, आणि त्यानंतर त्याचे जे होईल त्याला ठेवणाराच जबाबदार असतो, कारण फळीला कर्तव्य नसते.

मी त्यांना म्हटले, "तुम्ही आईला ठेवले नाही, सोपवले. सोपवण्यासाठी समोर कोणीतरी घेणारा लागतो. तुमच्या करारावर त्या घेणाऱ्याचीही सही आहे."

त्यांनी पिशवीतून करार काढला आणि पहिल्यांदाच शेवटच्या पानाऐवजी मधली पाने वाचली. चोवीस तास परिचारिका, कूस बदलणे, नियमित वैद्यकीय तपासणी ही सगळी आश्वासने तिथे छापलेली होती. वाचता वाचता त्यांची पाठ ताठ होत गेली. मी त्या भेटीत त्यानंतर फारसे बोलले नाही. इतक्या वर्षांत ज्या थोड्या क्षणांनी मला या व्यवसायाविषयी मनापासून समाधान दिले, त्यांत या क्षणाची गणना मी करते.

योगायोग असा की कायद्याची रचनाही नेमकी 'सोपवणे' याच शब्दावर उभी आहे. दुर्बल माणसाची काळजी घेण्याचे काम ज्याने स्वीकारले, त्याच्यावर कर्तव्य येते. ते कर्तव्य मोडले, त्यामुळे इजा झाली आणि ती दाखवता आली, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा उभा राहू शकतो. कुटुंबाने तिथे पाठवले म्हणून ते कर्तव्य कमी होत नाही. भारतात भारतीय न्याय संहितेचे कलम ३५७ तर जवळजवळ याच प्रसंगासाठी लिहिल्यासारखे आहे. आजारपणामुळे किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे असहाय असलेल्या व्यक्तीची शुश्रूषा करण्यास कराराने बांधलेल्या माणसाने ती जाणूनबुजून टाळणे, हा त्यात गुन्हा ठरवलेला आहे. शिक्षा सौम्य आहे, पण कलमाचे अस्तित्वच पुष्कळांना माहीत नसते. पैसे घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली ग्राहक आयोगाकडेही जाता येते. इंग्लंडमध्ये केअर ॲक्ट, २०१४ च्या कलम ४२ नुसार, काळजीची गरज असलेल्या आणि स्वतःचे संरक्षण करू न शकणाऱ्या प्रौढाची हेळसांड होत असल्याची रास्त शंका आली तर स्थानिक प्राधिकरणाला चौकशी करावीच लागते, आणि २०१५ पासून तिथे सेवकाने हेतुपुरस्सर केलेली हेळसांड हा स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेत १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने सरकारी योजनांचा पैसा घेणाऱ्या केंद्रांतील रहिवाशांना हक्क दिले. गैरवर्तनापासून आणि सोयीसाठी बांधून ठेवले जाण्यापासून मुक्तता हे त्यांपैकी काही हक्क होत. तिथल्या प्रत्येक राज्यात रहिवाशांच्या वतीने विनामूल्य काम करणारा ओम्बुड्समन, म्हणजे तक्रारींचा पाठपुरावा करणारा अधिकारी, असतो.

तिसऱ्या भेटीला त्यांचे मोठे भाऊ दूरध्वनीवरून सहभागी झाले. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. "आपण तक्रार करून घरी येऊ, आणि रात्री आईजवळ तीच माणसे असतील. राग तिच्यावर निघेल." ही भीती निराधार आहे, असे मी कोणालाही सांगत नाही. ती खरी धरूनच पावले टाकावी लागतात. अमेरिकेत रहिवाशाला सूडाच्या भीतीविना तक्रार करण्याचा हक्क आहे, परंतु कायदा रात्री दोन वाजता खाटेशेजारी बसत नाही. म्हणून तक्रार नेहमी लेखी आणि पोच घेऊन द्यावी, तिची एक प्रत त्याच दिवशी बाहेरच्या तपासणी यंत्रणेला पाठवावी, आणि भेटीच्या वेळा अनियमित ठेवाव्यात. मी पाहिलेल्या प्रकरणांत तोंडी कुरबूर करणाऱ्या कुटुंबांपेक्षा लेखी नोंद ठेवणाऱ्या कुटुंबांना अधिक जपून वागवले गेले आहे.

बहिणीला आणखी एक गोष्ट टोचत होती. रात्रपाळीची सेविका एकटी असून तिच्याकडे बरेच रुग्ण होते, आणि तिला शिक्षा व्हावी असे त्यांना वाटत नव्हते. ही करुणा मला मोलाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, संस्थांमध्ये काम करणाऱ्या दर तिघांपैकी दोघांनी मागील वर्षभरात आपल्याकडून वृद्धांशी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे गैरवर्तन घडल्याचे मान्य केले होते. इतक्या माणसांकडून जे घडते, त्याचे मूळ केवळ व्यक्तीच्या स्वभावात शोधून भागत नाही. अपुरी माणसे नेमण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा असतो. त्यामुळे तक्रार "अमुक सेविकेने दुर्लक्ष केले" अशी न लिहिता, "रात्री किती रुग्णांमागे किती कर्मचारी होते, ते कळवावे" अशी लिहिता येते. त्यांनी ती तशीच लिहिली. नवा अर्ज सव्वा पानाचा झाला. त्यात दिनांक, वेळ, प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट आणि मागणी एवढेच होते.

अर्ज पाठवण्यापूर्वी मी विचारले, "आईंना काय हवे आहे?"

भाऊ आणि बहीण दोघेही गप्प झाले. आईची बुद्धी शाबूत होती. त्या वर्तमानपत्र वाचत असत, नातवंडांच्या परीक्षांच्या तारखा त्यांना पाठ होत्या, आणि तरीही या तीन महिन्यांत त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मुलगी त्यांना तातडीने दुसरीकडे हलवण्याच्या विचारात होती, तर मुलगा काहीही न करण्याच्या. दोघेही त्यांच्या भल्यासाठीच ठरवत होते.

माझ्या दृष्टीने हा या प्रकरणाचा गाभा आहे. हक्क भंगला तो आईचा. स्वतःचा निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या व्यक्तीच्या वतीने, तिला न विचारता, ना वैद्यकीय नोंदी मागता येतात ना दावा चालवता येतो. क्षमता राहिली नसेल, तर पूर्वी दिलेले आणि क्षमता गेल्यावरही तिथल्या कायद्याने टिकणारे अधिकारपत्र किंवा न्यायालयाने नेमलेला पालक यांची गरज पडते, आणि ते कागद आधीच तयार असणे किती उपयोगाचे असते, हे अशा वेळी कळते. पण कायद्याच्या अटीपलीकडेही, दुर्लक्ष झालेल्या माणसाला तक्रारीच्या प्रक्रियेतही दुर्लक्षितच ठेवले, तर आपण तीच इजा सौम्य हातांनी पुन्हा करतो.

मुलीने आईला विचारले. आईचे उत्तर तिने मला शब्दशः सांगितले: "मला हलवू नकोस. शेजारच्या खाटेवरचीशी माझे जमले आहे. मला फक्त वेळेवर कुशीला वळवा. आणि तिलाही वळवा, तिला तर बोलताही येत नाही." हे सांगताना मुलगी रडली, पण पहिल्या भेटीत ती ज्या कारणाने रडली होती, ते कारण आता उरले नव्हते. "मॅडम," ती म्हणाली, "आई तिथे राहते. मी समजत होते की ती तिथे नुसती ठेवलेली आहे."

पुढच्या घडामोडी मी थोडक्यात सांगते. तपासणी यंत्रणेचे अधिकारी पूर्वसूचना न देता केंद्रात आले. कूस बदलण्याच्या तक्त्यात सलग कित्येक रात्रींच्या नोंदी एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात आणि मिनिटाचाही फरक नसलेल्या वेळांच्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आले. रात्रीचे मनुष्यबळ वाढवण्याचा लेखी आदेश निघाला. जखम भरून यायला पाच महिने लागले.

भरपाईच्या दाव्याचा निर्णय कुटुंबाने उशिरा, शांतपणे घेतला. तरीही मी त्यांना मुदतीची आठवण आधीच करून दिली होती, कारण मन तयार होण्याची वाट कायदा पाहत नाही. भारतात ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत साधारणतः दोन वर्षे, इंग्लंडमध्ये शारीरिक इजेच्या दाव्याची तीन वर्षे, आणि अमेरिकेत ती प्रत्येक राज्यात वेगळी असते. म्हणून वकिलाशी पहिली भेट लवकर घ्यावी, दाव्याचा निर्णय नंतर घेतला तरी चालतो. करारात वाद न्यायालयाऐवजी लवादाकडे नेण्याचे कलम आहे का, तेही पाहावे. अमेरिकेत सरकारी योजनांतील केंद्रांना अशा कलमावरील सही ही प्रवेशाची अट करता येत नाही, आणि सही केली असली तरी ती तीस दिवसांत मागे घेता येते. केंद्राने तडजोडीचा प्रस्ताव दिला, तर त्यात गप्प राहण्याची अट आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. या कुटुंबाने ती अट नाकारली, कारण शेजारच्या खाटेवरील बाईंच्या मुलाला साक्ष द्यायची होती.

शेवटच्या भेटीत दोघी आल्या, आई चाकांच्या खुर्चीतून. वकिलांनी तयार केलेला दाव्याचा मसुदा मुलीने मोठ्याने वाचून दाखवला. आई डोळे मिटून ऐकत होत्या. जखमेतून रक्त आले त्या रात्रीच्या परिच्छेदापाशी त्यांनी हात वर केला.

"तीनदा नव्हे," त्या म्हणाल्या. "मी घंटा चारदा वाजवली होती. दुरुस्त कर."

मुलीने पेन काढले.