केनच्या घरातली पुस्तकं मोजण्याआधी तारीख तपासा (उत्तर लांबलंय, माफ करा)

तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांपूर्वीची मीच समोर उभी राहिले. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या बॉस्टनचा व्यापारी रॉबर्ट केन एका कागदानुसार १६५५ मध्ये वारला आणि दुसऱ्यानुसार १६५६ मध्ये, हे कसं काय? आणि ज्याच्याकडे धर्माची, इतिहासाची, युद्धशास्त्राची पुस्तकं होती, पण ज्याला नफेखोरीबद्दल दंडही झाला होता, त्याला भाविक म्हणायचं की ढोंगी? दुसरा प्रश्न जास्त रंगतदार आहे हे मान्य. पण तुम्हाला बुडवेल तो पहिला. मला त्यानेच बुडवलं.

आधीच सांगते, मी इतिहासकार नाही. पोटापाण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंग, मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणीस वर्षं, आणि शनिवारी एका जुन्या घराच्या संग्रहालयात लोकांना फिरवून आणते. तेव्हा खालचं सगळं हौशी बाईचं मत समजा. जुनं अक्षर कसं वाचायचं, प्रोबेट (मेलेल्याचं मृत्युपत्र आणि मालमत्ता कोर्टापुढे मांडायची रीत) म्हणजे काय, हे तुम्हाला येत असणारच, त्यात शिरत नाही.

तर झालं असं. संग्रहालयासाठी मी एका व्यापाऱ्याची मालमत्तेची यादी मिळवली, माणूस गेल्यावर घरातलं सामान मोजून करायचे ती. नाव सांगत नाही, केनच्या मानाने अगदीच किरकोळ असामी. मृत्यूची नोंद अशी: ९ तारीख, १२ वा महिना, १६६१. यादीवर: ३ तारीख, १ ला महिना, १६६१. मी सरळ डिसेंबर आणि जानेवारी वाचलं. म्हणजे यादी मृत्यूच्या अकरा महिने आधीची! जिवंत माणसाच्या घरातल्या पलंगापासून पळीपर्यंत सगळं कोण मोजेल? जप्तीवालेच की! झालं, माझ्या डोक्यात अख्खी कादंबरी तयार. गडी कर्जात बुडाला, घरावर जप्ती आली, खचला आणि वर्ष संपताना गेला. यादीत तीन बायबलं होती, तर मी म्हटलं की सावकारांवर छाप पाडायला ठेवली असणार. चांदीची एकच वाटी होती, तर बाकीची गुपचूप विकली असणार. चौदा पानं लिहिली. वर संग्रहालयात चाळीसेक लोकांसमोर भाषणही ठोकलं. शेवटच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने अगदी हळू आवाजात विचारलं, "वर्ष २५ मार्चला बदलतं हे तुम्ही धरलंय ना?"

मी धरलं नव्हतं.

१७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यातून हे प्युरिटन (त्या वसाहतीतले कडक धार्मिक ख्रिस्ती) लोक महिन्यांना रोमन देवांची नावं नकोत म्हणून आकडे लिहायचे, आणि पहिला महिना मार्च. म्हणजे १२ वा महिना फेब्रुवारी, १ ला महिना मार्च, आणि ३ मार्चला अजून जुनंच वर्ष चालू. माझा माणूस आपल्या हिशेबाने ९ फेब्रुवारी १६६२ ला गेला आणि यादी ३ मार्च १६६२ ला झाली. मध्ये बावीस दिवस. माणूस गेला, रीतीप्रमाणे शेजारी आले, त्यांनी सामान मोजलं. जप्ती नाही, दिवाळं नाही, काही नाही.

लाज कशाची वाटली सांगू? मी मराठी घरातली. शकात ७८ मिळवायचे की ७९ हे महिना बघून ठरतं, हे लहानपणी पंचांग बघताना शिकलेय. आजोबांकडे मोडी कागद होते, त्यामुळे पेशवाईतल्या कागदांवरचा शुहूर सन मृगाला बदलतो हेही कानावर पडलेलं. वर्ष पाडव्याच्या आसपास बदलू शकतं ही कल्पना आपल्याला नवी नाही. पण इंग्रजी कागद दिसला की आपण समजतो, यात काय पंचांग बघायचं!

तुमच्या केनचं उत्तर यातच आहे. तो गेला २३ मार्चला, नववर्षाच्या दोन दिवस आधी. त्यामुळे जुन्या गणनेत १६५५ आणि आपल्या गणनेत १६५६. दोन्ही कागद बरोबर आहेत. टिपणात नेहमी १६५५/५६ असं लिहा आणि यादीची तारीख याच चाळणीतून काढा. त्याआधी एकाही पुस्तकाबद्दल एकही वाक्य लिहू नका.

आता थोडी भडास काढते, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. माझी चूक तेव्हाच पकडली गेली असती. कागदाच्या पाठीवर कोर्टात यादी दाखल केल्याची नोंद होती, कोणी शपथ घेतली, केव्हा घेतली, सगळं. ज्या कार्यालयातून प्रत मागवली त्यांनी पानागणिक पैसे घेतले आणि फक्त पुढची बाजू पाठवली. पाठीवर काही आहे का, असं मी लिहून विचारलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: आम्ही मजकुराचा अर्थ लावून देत नाही. अहो, अर्थ कोण मागतंय! फोन केला तर पलीकडून, "बहुतेक कोरं असेल." बहुतेक! भाषणाची फजिती झाल्यावर एक दिवस रजा टाकून स्वतः गेले आणि कागद उलटा केला, तर पाठ भरलेली. म्हणून मागणी करतानाच "दोन्ही बाजू, कोऱ्या असल्या तरी" असं लिहा. आणि जाणार असाल तर पेन्सिल न्या, पेन दारातच ठेवून घेतात.

आता केनच्या पुस्तकांकडे. माझं स्पष्ट मत आहे, पटलं नाही तर भांडा: मालमत्तेच्या यादीवरून माणसाचं मन वाचायला जाऊ नये. यादी करणारे दोन-तीन शेजारी असायचे. त्यांना पिसांची गादी, पलंगाचे पडदे, कथलाची ताटं यांचे भाव तोंडपाठ. पुस्तकं म्हणजे "जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा" आणि पुढे आकडा. चोपडी, पंचांगं कोण मोजतंय? त्यामुळे जाडजूड धर्मग्रंथ तेवढे नावानिशी दिसतात आणि घर आहे त्यापेक्षा सोवळं वाटू लागतं.

केनच्या बाबतीत तुमचं नशीब थोर, कारण त्याने मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलंय. १ ऑगस्ट १६५३ ला बसला आणि लिहितच सुटला. बॉस्टनच्या नोंदवहीत त्याची नक्कल १५८ पानं भरली आहे. मुळात लंडनचा व्यापारी, १६३५ मध्ये बॉस्टनला आला. १६३९ मध्ये जास्त भाव लावतो म्हणून कोर्टात उभा राहिला. दंड २०० पौंड, त्यातले शेवटी भरावे लागले ८०. वर चर्चने सगळ्यांसमोर कानउघाडणी केली, आणि जॉन कॉटन या धर्मोपदेशकाने प्रवचनात सांगितलं की मिळेल तितक्या महाग विकावं आणि मिळेल तितक्या स्वस्त घ्यावं हे तत्त्वच खोटं आहे. चौदा वर्षांनी मृत्युपत्र लिहायला बसलेला म्हातारा अजून त्याच दिवसात अडकलेला आहे. खिळ्यांचं प्रकरण वाचाच: गिऱ्हाईकाने लहान खिळे परत करून मोठे नेले, वहीतली नोंद त्याप्रमाणे बदलली, आणि लोक म्हणाले याने वहीत खाडाखोड केली. मरणाच्या कागदात खिळ्यांचा खुलासा!

म्हणून मला त्याच्या छापील पुस्तकांपेक्षा त्याने स्वतः भरलेल्या वह्या महत्त्वाच्या वाटतात. हिशेबाच्या कोणकोणत्या वह्या आहेत, कशात काय आहे, हे तो वारसांना नीट समजावतो. नफ्याच्या दर शिलिंगमागे एक पेनी, म्हणजे बारावा हिस्सा, दानासाठी वेगळा ठेवत होतो असं लिहितो. प्रवचनं ऐकताना टिपणं काढायचा, आधी लंडनच्या चर्चमध्ये आणि मग बॉस्टनच्या, त्या वह्या आजही शिल्लक आहेत. शिवाय बायबलवर स्वतः लिहिलेले जाडजूड ग्रंथ. दुकानात वही, देवळातही वही. ढोंग करायला कोणी इतकी वर्षं प्रवचनं उतरवून घेत नाही, असं मला वाटतं. (वाटतं, म्हणजे पुरावा नाही.) युद्धशास्त्राच्या पुस्तकांचं कोडं मात्र सोपं आहे. १६३८ मध्ये सनद मिळालेल्या बॉस्टनच्या तोफखाना कंपनीचा, म्हणजे सैनिकी तुकडीचा, तो पहिला कप्तान.

पुस्तकं भरपूर असली की माणूस आपोआप चांगला ठरतो, हा उलटा सापळाही टाळा. फिलाडेल्फियाचा जेम्स लोगन बघा. कातड्यांच्या व्यापारात गब्बर, संग्रह सुमारे २,६०० पुस्तकांचा, ग्रीक आणि अरबीसुद्धा. न्यूटनचा प्रिन्सिपिया हा गती आणि गुरुत्वाकर्षणावरचा ग्रंथ अमेरिकेत आणणारा बहुधा पहिला तोच. समासात टिपणं आहेत, म्हणजे पुस्तकं शोभेची नव्हती. मक्याच्या परागीकरणावर त्याने प्रयोग केले. आणि हाच माणूस १७३७ मध्ये लेनापे या तिथल्या मूळ रहिवाशांची जमीन ठरवून हडपण्याच्या व्यवहारात पुढे होता. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन, असा जुना करार दाखवायचा आणि मग आधीच साफ करून ठेवलेल्या वाटेवरून निवडक गडी पळवायचे. ते त्याच्या कपाटात दिसत नाही.

जाता जाता: यादीतले पौंड आजच्या डॉलरमध्ये करत बसू नका. मॅसॅच्युसेट्सने १६५२ पासून स्वतःचं शिलिंग पाडलं आणि त्यात इंग्लंडच्या शिलिंगपेक्षा चांदी पावपटीच्या आसपास कमी होती. कुठला पौंड ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्याच यादीत पलंग किती पौंडांना आणि पुस्तकं किती पौंडांना, एवढी तुलना करा, ती चालते.

भाविक की ढोंगी, याचं उत्तर मी देणार नाही, पण मृत्युपत्रातली एक जागा दाखवते. बॉस्टनमध्ये नगरगृह बांधायला तो ३०० पौंड ठेवतो, त्यात ग्रंथालयाची खोली हवी म्हणतो, आणि घरच्यांनी आपल्याला हवी ती पुस्तकं निवडून घेतल्यावर उरलेली तिथे द्या म्हणतो. का? मला वाटतं, जागा दिली पण ठेवायला काही दिलं नाही, असं लोकांनी म्हणू नये म्हणून! दान देतानाही १६३९ चे लोक कानाशी बोलतायत. ते लाकडी नगरगृह १७११ च्या आगीत गेलं. त्याच जागी आता विटांचं ओल्ड स्टेट हाऊस उभं आहे, बॉस्टनला आलात तर खाली मेट्रोचं स्टेशनच आहे.

तुमच्या यादीच्या पाठीचा फोटो मिळाला की इथे टाका. शनिवार सोडून कधीही बघते.