लाइक आले, गिऱ्हाईक कुठे?

प्रश्न : सासूबाई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मयडेची केळी आणि हरमलची मिरची विकतात. मी त्यांचं इन्स्टाग्राम सुरू केलं. लाइक पुष्कळ, गिऱ्हाईक मात्र जुनंच. काय चुकतंय?
– एक सून, बार्देश

उत्तर : लाइक करणारे राहतात कुठे, ते आधी पाहा. माझ्या बहिणीच्या फणसाला सगळ्यात जास्त दाद लंडनच्या भाचरांनी दिली. फणस न्यायला तिथून कोण येणार!

इन्स्टाग्राम असू द्या, पण भर व्हॉट्सअॅपवर ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगवेगळा धाडायच्या यादीत, 256 जण बसतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यांनाच निरोप पोचतो. इथेच बहुतेकांची फसगत होते. म्हणून केळी बांधून देता देताच विचारा, ‘यादीत घालू ना?’ आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून घ्या.

निरोप गुरुवारी संध्याकाळी. ‘ताजा माल, जरूर या’ असलं काही नको. ‘उद्या दोन घड. एक आजच खायचा, दुसरा रविवारी पिकेल’ असं लिहा, पुढे भाव आणि बसायची जागा. भाव लपवून ‘मेसेज करा’ म्हणणाऱ्यांचा मला तरी वैताग येतो. फोटो सकाळच्या उजेडात, फिल्टर न लावता. केळ्याशेजारी सासूबाईंचा हात दिसला तर आकार आपोआप कळतो. अर्थात, त्यांना विचारून.

मिरचीचं गणित वेगळं. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी मे महिन्यात, तेव्हा वजनासकट नावं एप्रिलमध्येच लिहून घ्या.