ठेका सायलेन्सरचा की क्रँकशाफ्टचा?

प्रश्न : जुनी ब्रिटिश ट्विन आणि जुनी हार्ले-डेव्हिडसन, दोन्ही मोटरसायकलींना दोनच सिलिंडर असतात, तरीही पहिलीचा आवाज एकसारखा आणि दुसरीचा अडखळत का येतो? सायलेन्सर बदलून एकीला दुसरीचा आवाज देता येईल का?

उत्तर : देता येणार नाही, कारण हा फरक सायलेन्सरच्या बराच आधी, क्रँकशाफ्टपाशीच, म्हणजे पिस्टनच्या (सिलिंडरमधल्या दट्ट्याच्या) वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्यापाशीच, पडलेला असतो. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, एकदाच स्फोट होतो. दोन सिलिंडरांमध्ये या ७२० अंशांची वाटणी कशी केली आहे, यावर आवाजाचा ठेका ठरतो. सायलेन्सर आवाज जाड, घुमणारा किंवा फुटका करू शकतो. ठेक्याला मात्र तो हात लावू शकत नाही.

एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ट्रायम्फ स्पीड ट्विन १९३७ मध्ये आली. तिच्या ४९८ सीसी इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात, पण स्फोट आळीपाळीने, बरोबर ३६० अंशांच्या अंतराने होतात. त्यामुळे दोन्ही सिलिंडर समान अंतराने हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढून घेत आणि ते तयार करणाऱ्या एका कार्बोरेटरवर भागत असे. पुढे बीएसए आणि नॉर्टन यांनीही हीच रचना स्वीकारली, म्हणून त्या काळच्या ब्रिटिश ट्विन गाड्यांच्या आवाजात इतके साम्य आढळते. दोन्ही पिस्टन एकाच दिशेने धावत असल्यामुळे येणारी थरथर ही या रचनेची किंमत होती.

हार्लेचे दोन सिलिंडर एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करतात आणि पिस्टनना क्रँकशाफ्टशी जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टच्या एकाच खिळीवर (क्रँकपिनवर) बसवलेले असतात. त्यामुळे एका स्फोटानंतर दुसरा ३१५ अंशांनी होतो, तर त्यापुढच्या स्फोटासाठी ४०५ अंश थांबावे लागते. मिनिटाला १००० फेरे धरले, तर ही अंतरे साधारण ५२ आणि ६७ सहस्रांश सेकंद इतकी येतात, आणि एवढा फरक कानाला सहज कळतो. क्रँकशाफ्टसोबत फिरणाऱ्या जड चाकामुळे (फ्लायव्हीलमुळे) जुनी इंजिने अगदी सावकाशही चालू राहतात. माझ्या मते हा ठेका ऐकावा तो तेव्हाच, कारण वेग वाढला की स्फोट एकमेकांत मिसळू लागतात. या आवाजाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी व्हावी, यासाठी कंपनीने १९९४ मध्ये अर्ज केला होता. २००० मध्ये तो मागे घेतला.

स्वर किती उंच लागेल हे मात्र दर सेकंदाला होणाऱ्या स्फोटांच्या संख्येवर अवलंबून असते. डाइमलर आणि मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला सुमारे ६०० फेरे घेत असे, म्हणजे सेकंदाला फक्त पाच स्फोट. ते वेगवेगळे ऐकू येणारच. १९६६ मध्ये माइक हेलवूड यांना २५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवून देणाऱ्या होंडाच्या सहा सिलिंडरच्या आरसी१६६ मध्ये १८,००० फेऱ्यांवर सेकंदाला ९०० स्फोट होत. तिथे ठोके संपतात आणि अखंड, तीव्र किंकाळी उरते.

जुन्या इंजिनाजवळ उभे राहिल्यास एक्झॉस्टखेरीज टॅपेटची (झडपा उघडणाऱ्या भागांची) टकटक, कार्बोरेटरची ओढ आणि सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पंखांची बारीक किणकिणही ऐकू येते. वॉटर-कूल्ड इंजिनात सिलिंडरभोवतीचे पाणी यातले बरेचसे आवाज शोषून घेते, एअर-कूल्ड इंजिनात ते थेट बाहेर पडतात. म्हणून गाडी मूळ रूपात आणताना टॅपेटचे अंतर निर्मात्याने दिले आहे तेवढेच ठेवावे, आणि निव्वळ मोठ्या आवाजासाठी सायलेन्सरमधला बॅफल (आवाज दाबणारा भाग) काढू नये; तसे केल्यास हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण बिघडून इंजिन जास्त तापू शकते.